प्रतिसृष्टीचें मोल

गृहस्थाश्रमांत खरेदीचे प्रश्न बहुधा हिशेबाच्या वहींतच सुटतात. त्यांसाठीं तत्त्वज्ञानाकडे जाण्याची पाळी क्वचित् येते. धान्य, कापड, औषध, मुलांचीं पुस्तकें ह्यांविषयीं वाद होतो तो किती घ्यावें व कोठून घ्यावें एवढ्यापुरताच. परंतु मधून मधून घरांत एखादी अशी वस्तु येऊं पाहते कीं, तिची किंमत रुपयांत सांगून झाली तरी प्रश्न शिल्लक उरतो. आमच्या आजोबांच्या पिढीला ग्रामोफोनविषयीं, वडिलांच्या पिढीला रेडिओविषयीं, आणि आम्हांला दूरचित्रवाणी व मोबाइल ह्यांविषयीं हा अनुभव आला. हल्लीं चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली अशा आमच्या वनप्रदेशांतील शिकलेल्या घरांतूनहि मुलें एक नवी मागणी करूं लागलीं आहेत: डोळ्यांवर बांधावयाचा, आभासी वास्तव दाखविणारा स्वयंपूर्ण हेडसेट. आईबाप बिचकतात, आणि ज्याचा धंदा शिकविण्याचा त्याला सर्व विषय कळत असले पाहिजेत अशा भाबड्या समजुतीनें आमच्यासारख्या प्राध्यापकाला विचारतात, कीं ही वस्तु घेण्याजोगी आहे काय? प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं, म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारें सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळें समोरच्या पदार्थाचीं किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें मेंदूकडे जातात, व त्यांतील भेदावरून मेंदू अंतराचा अजमास बांधतो. चार्ल्स व्हीट्स्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ मध्यें हें सप्रयोग दाखविलें, आणि दोन डोळ्यांपुढें दोन निरनिराळीं चित्रें धरून सपाट कागदांत खोलीचा भास उत्पन्न करणारें स्टीरिओस्कोप नांवाचें यंत्र सिद्ध केलें. आजचा हेडसेट हा त्याच यंत्राचा वंशज होय. कागदाच्या जागीं दोन चिमुकले पडदे आले, आणि मान वळविली कीं चित्रहि तत्क्षणीं तसें वळावें अशी योजना झाली. स्वयंपूर्ण म्हणावयाचें कारण असें कीं, पडदे, भिंगें, बॅटरी, गणना करणारी चिप, हालचाल मोजणारीं साधनें व भोंवतालची खोली न्याहाळणारे कॅमेरे हें सर्व एकाच पेटींत असतें. शेजारीं निराळा संगणक ठेवावा लागत नाहीं. २०२३ मध्यें जिओ कंपनीनें १२९९ रुपयांस जी पेटी विकावयास काढली तींत आपलाच मोबाइल बसवावा लागे, म्हणून ती ह्या वर्गांत येत नाहीं. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस हा स्वयंपूर्ण हेडसेट ऑक्टोबर २०२४ मध्यें अमेरिकेंत २९९ डॉलरपासून मिळूं लागला, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें २५ हजार रुपये. ॲपल कंपनीचा व्हिजन प्रो त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत ३४९९ डॉलरना निघाला, म्हणजे जवळजवळ तीन लाख. आपल्या हातीं पडेपर्यंत त्यांत आयातकराची व मधल्या व्यापाऱ्याच्या नफ्याची भर पडते ती वेगळीच.

ह्या वस्तूला आमच्या पुराणांतील एक शब्द चांगला शोभतो. त्रिशंकु राजाला सदेह स्वर्गास जावयाचें होतें. इंद्रानें त्याला खालीं लोटलें, तेव्हां विश्वामित्रानें त्याला अंतराळींच थोपवून त्याच्यासाठीं प्रतिसृष्टि निर्माण करावयास आरंभ केला. हेडसेट बांधलेल्या मनुष्याची अवस्था थोडीशी त्या राजासारखीच होते. पाय चंद्रपुरांतल्या फरशीवर आणि डोळे हिमालयाच्या कड्यावर! डोळे सांगतात कीं आपण चाललों आहों, कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण उभे आहों, आणि ह्या भांडणांत कित्येकांस मळमळूं लागतें. तथापि प्रतिसृष्टि पाहण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ मध्यें 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत हलतीं चित्रें दाखविलीं गेलीं. प्रत्येक वेळीं कोणी हरखला, कोणी धास्तावला, आणि पुढें दोघेहि संवयीनें शांत झाले. तेव्हां केवळ नवें म्हणून भिणें किंवा नवें म्हणून भुलणें हे दोन्ही मार्ग सोडून दिले पाहिजेत.

ह्या यंत्रावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, तें खोटें दाखवितें. आमच्या वेदान्त्यांनीं सत्तेचे तीन प्रकार केले आहेत: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर भासणारा साप हा तिसऱ्या प्रकारचा. दोरीचें ज्ञान होतांच तो नाहींसा होतो. हेडसेटमधील वाघ हा त्या सापाच्या जातीचा, म्हणून त्याज्य, असें कोणी म्हणेल. पण हा आक्षेप टिकत नाहीं. दोरीवरच्या सापानें मनुष्य फसलेला असतो; हेडसेट घालणारा फसलेला नसतो. त्यानें स्वतःच्या हातानें पट्टा आवळलेला असतो. जाणूनबुजून पत्करलेल्या भासाला भ्रम म्हणतां येत नाहीं. त्याला खेळ म्हणावें, नाटक म्हणावें.

आणि नाटकाला नांवें ठेवण्याचा अधिकार आमच्या भागाला तर मुळींच नाहीं. दिवाळी सरून धान घरीं येऊं लागलें कीं झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या सुमारास संपतो. देसाईगंज, म्हणजे जुनी वडसा, हें त्या व्यवसायाचें ठाणें. गांवोगांव शंकरपट किंवा मंडई भरते. त्या रात्रीं मंडप पडतो, पाहुणे येतात, लेकी माहेरीं येतात, आणि जें नाटक रात्रीं उशिरां सुरू होतें तें पहांटेपर्यंत चालतें. ह्याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ मध्यें पद्मश्री देण्यांत आली. तेथें बसलेल्या शेतकऱ्याला रंगमंचावरचा सावकार खरा सावकार नव्हे हें पक्कें ठाऊक असतें. तरीहि तो दांतओठ खातो व नायिकेच्या दुःखानें डोळे पुसतो. त्या खोट्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं, उलट कांहीं सुधारत असेल. तेव्हां खोटेपणाच्या आरोपांतून हेडसेटला सोडून देणें भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाटक सर्वांनीं मिळून पाहावयाचें असतें, रेडिओ सर्वांच्या मध्यें वाजे, दूरचित्रवाणीपुढें सारें घर बसे. हेडसेट मात्र एकाच्या डोक्याला बसतो. एक मुलगा खोलीच्या मध्यभागीं उभा राहून हवेंत हात मारीत आहे, आणि बाकीचीं माणसें त्याची धडक चुकवीत भिंतीच्या कडेनें जात आहेत, असें चित्र घरांत उभें राहतें. पण येथें आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यानें जरा जपून बोललें पाहिजे. पुस्तकहि एकट्यानेंच वाचावयाचें असतें. कादंबरींत बुडालेल्या मुलीला चार हांका मारल्या तरी ऐकूं येत नाहींत, आणि त्याचें आम्ही कौतुक करितों. एकांत हाच दोष असता तर ग्रंथालयें प्रथम बंद करावीं लागलीं असतीं. हेडसेट डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि पुस्तक बांधीत नाहीं, हा फरक आहे खरा; परंतु मुख्य भेद त्याच्याहि पलीकडे आहे. तो शोधण्यासाठीं आणखी थोडें खोल गेलें पाहिजे.

रॉबर्ट नोझिक ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७४ मध्यें एक कल्पित यंत्र वाचकांपुढें मांडलें होतें. ह्या यंत्राला जोडून घेतलें कीं हवा तो अनुभव हुबेहूब मिळेल. ग्रंथ लिहिल्याचा, मित्र जोडल्याचा, जें हवें त्याचा. तर जन्मभर त्यांत राहाल काय? बहुतेक लोक नाहीं म्हणतील असें त्यास वाटलें, कारण मनुष्याला अनुभव हवा असतोच, पण त्याहून अधिक कांहीं तरी स्वतः करावयाचें व व्हावयाचें असतें. उलट पक्षीं डेव्हिड चाल्मर्स ह्या तत्त्वज्ञानें २०२२ मध्यें 'रिॲलिटी प्लस' ह्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, आभासी जगांतील वस्तु ह्या भ्रम नसून निराळ्या घडणीच्या खऱ्याच वस्तु होत, आणि तेथेंहि अर्थपूर्ण आयुष्य जगतां येणें शक्य आहे. दोघांचेंहि म्हणणें विचारणीय आहे. तथापि आमच्या भाषेंत एक शब्द असा आहे कीं, तो ह्या वादाला निराळें वळण देतो. तो शब्द म्हणजे दर्शन.

चैत्रांत चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यांतून हजारों माणसें येतात. इतक्या उन्हांत, इतक्या दुरून, रांगेंत तासन्‌तास तिष्ठून तीं काय मिळवितात? मूर्तीचें चित्र पाहावयाचें तर तें घरच्या भिंतीवर आहे, आतां मोबाइलवरहि आहे. पण यात्रेकरूच्या मनांत दर्शन म्हणजे केवळ आपण देवीला पाहणें नव्हे. देवीनें आपल्याला पाहणें हा त्याचा दुसरा आणि मोठा भाग असतो. मी आलें, तिनें मला पाहिलें, आतां माझें गाऱ्हाणें तिच्या कानीं आहे, ह्या समाधानानें म्हातारी परत जाते. ही श्रद्धा कोणाला पटो वा न पटो, तिच्यांतील विचार मार्मिक आहे. खरें पाहणें दुतर्फा असतें. ज्याला आपण दिसतों त्याच्यापुढें आपण थोडेफार बांधलेले असतों. आपल्या वागण्याचा त्याच्यावर परिणाम होणार असतो, आणि त्याच्या वागण्याचा आपल्यावर.

हें ताडोब्याच्या अरण्यांत फार स्पष्ट कळतें. १९५५ मध्यें तेथें राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९५ मध्यें अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झाला. ताडोबा हें नांव तारू ह्या देवावरून पडलें अशी गोंड लोकांची समजूत आहे. तारू हा एका गांवाचा प्रमुख. तो वाघाशीं झुंजतांना मेला आणि तळ्याकांठीं त्याचें स्थान झालें. पौषांत तेथें जत्रा भरत असे. म्हणजे त्या अरण्याचें नांवच मनुष्य व वाघ ह्यांच्या समोरासमोरच्या भेटींतून निघालें आहे. आज तेथील वाघ तीन प्रकारचे लोक पाहतात. पहिला प्रकार भोंवतालच्या गांवकऱ्यांचा. मोहाचीं फुलें वेंचावयास, तेंदूचीं पानें तोडावयास ते पहांटे रानांत शिरतात. वाघ पाहण्याची त्यांस इच्छा नसते, पण वाघ त्यांना पाहतो. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. दुसरा प्रकार आमच्यासारख्या पैसे भरून मोहर्ली किंवा कोलारा दरवाजानें जिप्सींत बसून जाणाऱ्यांचा. त्यांना धोका थोडा, पण वाघानें मान वर करून गाडीकडे पाहिलें म्हणजे सर्वांची बोलती बंद होते. आपण कोणाच्या तरी घरांत आलों आहों हें त्या क्षणीं न सांगतां कळतें. तिसरा प्रकार हेडसेटमधून पाहणाऱ्यांचा. त्याला वाघ सर्वांत जवळून, सर्वांत स्पष्ट आणि हवा तेव्हां दिसतो. पण त्या वाघाला तो दिसत नाहीं.

येथें आमच्या मतें गांठ आहे. तिसऱ्या प्रेक्षकाचा वाघ खोटा आहे ही मुख्य तक्रार नव्हे. त्या प्रेक्षकाकडून अरण्य कांहींच मागत नाहीं, ही तक्रार आहे. जामणी, नवेगांव अशीं गांवें वाघांसाठीं अरण्याच्या गाभ्यांतून बाहेर वसविण्यांत आलीं. तेंदूपानांच्या हंगामांत घरचा माणूस परत येईपर्यंत कित्येक चुलींपुढें जीव टांगलेला असतो. उन्हाळ्यांत वणवा लागला तर वनमजूर झाडाच्या डहाळ्या घेऊन धांवतात. हें सर्व त्या वाघाच्या मागें उभें आहे, आणि जिप्सींतील प्रवाशालाहि त्यांतील थोडें, वाटेवरच्या गांवांतून जातांना, दिसल्यावांचून राहत नाहीं. हेडसेटमध्यें तेवढा वाघ कापून घेतलेला असतो. ज्याचा भार आपल्यावर नाहीं असें सौंदर्य मनाला फार लवकर चटावतें, आणि अशा मनाला पुढें खरें अरण्य संथ, धुळीचें व कंटाळवाणें वाटूं लागण्याचा संभव असतो. सहा तास हिंडून पिसारा नसलेला एक मोर दिसला, हें ज्याला नुकसान वाटतें त्याला अरण्य कळलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

ह्याच कसोटीनें मागचे दोन दाखले पाहावे. झाडीपट्टींतील नटाला प्रेक्षक दिसतात. ते हंसले तर तो फुलतो, पेंगले तर आवाज चढवितो. तेथें देवघेव आहे. पुस्तकांत लेखक आपल्याला पाहत नाहीं. पण दुसरेंहि कोणी पाहत नाहीं. वाचक तेथें निर्वेध असतो, आणि एका दृष्टीनें हेंच वाचनाचें स्वातंत्र्य होय. हेडसेटची गोष्ट ह्या दोहोंहून निराळी पडते. त्यांतला वाघ आपल्याला पाहत नाहीं. परंतु यंत्र पाहतें. त्याच्या बाहेरच्या अंगास असलेले कॅमेरे आपल्या खोलीच्या भिंती, पलंग, हातांच्या हालचाली टिपत असतात, कारण त्यावांचून चित्र बरोबर वळणारच नाहीं. व्हिजन प्रोसारख्या महाग यंत्रांत बुबुळांची हालचालहि मोजली जाते. कॅमेऱ्यांतील चित्रें यंत्राबाहेर आपण होऊन जात नाहींत असें कंपन्या सांगतात, व तें खरें धरून चालूं. तरीहि नुसत्या हालचालींत पुष्कळ असतें. स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ५११ माणसांपैकीं कोण कोणता हें, प्रत्येकाच्या पांच मिनिटांहून कमी हालचालींवरून, ९५ टक्के वेळां ओळखतां आलें. आपण मान कशी वळवितों, हात किती उंच नेतों, ह्यांत आपली सही उमटलेली असते.

मग विक्रेता कोण आहे हें विचारणें प्राप्त होतें. फेसबुक कंपनीनें २०१४ मध्यें सुमारें २०० कोटि डॉलरना ऑक्युलस ही हेडसेट बनविणारी कंपनी विकत घेतली. तीच आतां मेटा ह्या नांवानें ह्या बाजारांत अग्रभागीं आहे. तिच्या ज्या विभागांतून हीं यंत्रें निघतात त्या विभागास २०२४ ह्या एका वर्षीं सुमारें १७७० कोटि डॉलरचा तोटा झाला. त्यांत संशोधनाचा खर्च मोठा आहे, हें मान्य. पण कंपनीचें जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचें आहे, हेंहि तितकेंच खरें. आमच्या आठवडी बाजारांत कोणी तोटा सोसून माल विकूं लागला तर शहाणी बाई पिशवी पुढें करण्यापूर्वीं विचारते, कीं बाबा, तुझा नफा कशांत? तोच प्रश्न येथें विचारणें गैर नाहीं. यंत्राची किंमत कांहीं अंशीं रुपयांनीं, आणि कांहीं अंशीं आपण स्वतः पाहिले जाऊन चुकती करावयाची असते.

एवढें ऐकून कोणी म्हणेल कीं निकाल लागला; घेऊं नये. पण विरुद्ध बाजूचें सर्वांत बळकट म्हणणें अजून मांडावयाचें आहे, आणि तें आमच्याच दोन जिल्ह्यांतून येतें. 'खरें जग पाहा' हा उपदेश ज्याच्या दारांत गाडी उभी आहे त्याला सोपा आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडच्या मुलीनें तारामंडळ कोठें पाहावें? पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ताच तुटतो. मनुष्याच्या हृदयाच्या चार कप्प्यांत शिरून रक्त कसें वाहतें हें पाहावयास मिळालें, तर फळ्यावरच्या आकृतींत जें तिला आठ दिवसांत कळलें नसतें तें एका तासांत कळेल. मुंबई-पुण्याच्या मुलाला हेडसेट ही चैन असेल. ह्या मुलीला तो रस्ता होऊं शकेल. तसेंच खाणीचें. आमच्या जिल्ह्यांतील कोळशाच्या खाणींत आग किंवा पडझड झाली असतां काय करावें, ह्याची तालीम खऱ्या आगींत देतां येत नाहीं. वैमानिक जसे कृत्रिम विमानांत शिकतात तसें खाणकामगारांनीं प्रतिसृष्टींत शिकावें, आणि जगांतील कांहीं खाणींत हें चाललेंहि आहे. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९० च्या दशकापासून भाजलेल्या रोग्यांना जखमा धुतांना बर्फाळ दऱ्यांची आभासी सफर घडविली, आणि त्यांच्या वेदनेची जाणीव कमी होते असें त्यांना आढळलें. पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला मार्कंड्याचें देऊळ आणि वैनगंगेचा कांठ पुन्हां दिसला, तर त्या दर्शनाला एकतर्फी म्हणून नाकें मुरडणारा आम्हांस पाषाणहृदयी वाटेल.

हे दाखले आमच्या कसोटीला बाधत नाहींत. ते तिला पुरी करितात. जेथें देहाचें दुबळेपण, अंतर किंवा प्राणभय ह्यांमुळें खऱ्या वस्तूपर्यंत जातांच येत नाहीं, तेथें प्रतिसृष्टि ही सेवा आहे. जेथें खरी वस्तु हातभर अंतरावर आहे, पण तिच्याकडे जावयाचें तर ऊन, धूळ, कंटाळा, दुसऱ्याची मर्जी अशी कांहीं किंमत द्यावी लागते, तेथें प्रतिसृष्टि ही त्या किमतीपासून पळवाट होते. एकच यंत्र एका घरीं सेवक व दुसऱ्या घरीं पळवाट होईल. म्हणून 'हेडसेट घ्यावा काय?' ह्या प्रश्नाला सर्वांस लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. पण ज्याच्या उत्तरावरून प्रत्येकास निर्णय करितां येईल असा एक प्रश्न आहे: ह्यांतून जें पाहावयाचें तें माझ्या घरच्या माणसाला दुसऱ्या कोणत्या रीतीनें पाहतां येणार नाहीं काय?

व्यवहाराच्या दोन गोष्टी येथेंच सांगून टाकूं. पहिली टिकाऊपणाची. तांब्याचा हंडा तीन पिढ्या चालतो, हार्मोनियम दोन. ह्या यंत्राचें आयुष्य मात्र त्याच्या भागांवर अवलंबून नसून दूरच्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असतें. मूळचा ऑक्युलस क्वेस्ट मे २०१९ मध्यें निघाला, आणि ऑगस्ट २०२४ नंतर त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याहि थांबल्या. मायक्रोसॉफ्टनें २०२४ मध्यें विंडोजच्या नव्या आवृत्तींतून आपली आभासी वास्तवाची व्यवस्थाच काढून टाकली. तिच्यावर चालणारे अनेक हेडसेट त्या आवृत्तीखालीं धडधाकट असूनहि निरुपयोगी झाले. २५-३० हजारांची वस्तु चार-पांच वर्षांपुरती घेत आहों असें धरूनच हिशेब करावा. दुसरी गोष्ट वयाची. मेटा कंपनीनें २०२३ मध्यें पालकांच्या देखरेखीखालीं दहा वर्षांच्या मुलांस मोकळीक दिली. ॲपल तेरा वर्षांखालील मुलांस आपलें यंत्र देऊं नये असें सांगते. विक्रेत्यांतच असा मतभेद असतां आईबापांनीं कडक बाजू धरावी हें बरें. शिवाय मे महिन्यांत पारा ४७ अंशांवर गेलेला असतांना अर्धा किलो वजनाचें ऊबदार यंत्र तोंडावर बांधणें ही एक तपश्चर्याच होय, हेंहि चंद्रपूरकरांस सांगावयास नको.

राहतां राहिला प्रश्न निर्णय कसा करावा हा. ह्याला उत्तम धडा आमच्या शेजारींच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंडांच्या गांवाला २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्यें स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. पण त्या गांवाची कीर्ति केवळ हक्कामुळें झालेली नाहीं. तेथें कोणताहि प्रश्न आधीं अभ्यासगटांत चर्चिला जातो, आणि निर्णय बहुमतानें न करितां सर्वसहमतीनें होतो. एकाचा जरी विरोध राहिला तरी बोलणें पुढें चालू राहतें. आमच्या सुशिक्षित घरांत बहुधा कमावणारा ठरवितो, किंवा हट्ट करणारा. हेडसेटच्या बाबतींत ज्याच्या डोळ्यांवर तो बसणार त्याच्याइतकाच, जो त्या वेळीं समोर बसून त्या झांकलेल्या तोंडाकडे पाहणार, त्याचाहि संबंध आहे. आजीला, धाकट्या बहिणीला, ज्यांच्या खोलींत तें चालणार त्यांना विचारल्यावांचून हा निर्णय पुरा होत नाहीं. त्या बोलण्यांतच कित्येकदां उघड होईल कीं मुलाला हिमालय नको आहे. त्याला सुट्टींत घरांत कोणी बोलावयास नाहीं, एवढेंच आहे.

आमचें मत आतां स्पष्ट सांगतों. ज्या घरीं अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, किंवा ज्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला ह्याचा निश्चित उपयोग आहे, त्यांनीं हेडसेट ऋण न काढतां अवश्य घ्यावा, आणि घरांतील गोपनीय व्यवहार ज्या खोलींत चालतात तेथें वापरूं नये. शाळा, महाविद्यालयें, सार्वजनिक वाचनालयें, रुग्णालयें व खाणींचीं शिक्षणकेंद्रें ह्यांनीं चार-दोन यंत्रें घेऊन तीं पाळीपाळीनें सर्वांस उपलब्ध करावीं. अहेरी, सिरोंचा, कोरची अशा आडबाजूच्या तालुक्यांत तीं प्रथम जावीं, मात्र तीं शिक्षकाच्या जागीं जाऊं नयेत. बाकीच्या मध्यमवर्गीय घरांनीं, विशेषतः ज्यांच्यापासून ताडोबा दीड तासावर आणि वडसेचें नाटक एका रात्रीवर आहे त्यांनीं, तूर्त ही खरेदी लांबणीवर टाकावी. तेवढ्या रकमेंत सारें घर कित्येक वेळां अरण्यांत जाऊन येईल. वाघ दिसेलच असें नाहीं. पण आलापल्लीच्या राखून ठेवलेल्या सागांखालीं उभें राहिलें असतां आपण किती लहान आहों हें लहान मुलालाहि कळतें, आणि परततांना रस्त्यावर मोहफुलांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई थांबून विचारते, कोण्या गांवचे जी तुम्ही? त्या प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें.